बशीतला चहा

डाईंगच्या रंगीत पाण्याचा नाला ओलांडला
की डाव्या हाताला आमची वखार.
पाटीवर अजून सासऱ्यांचंच नाव,
खाली माझा मोबाईल नंबर.
गिऱ्हाइकं ठरलेली : बाशाभाईंची बेकरी,
सूत रंगवणाऱ्या दोन भट्ट्या,
आणि ज्यांच्या घरून रात्री-अपरात्री फोन येतो, ती.
त्यांच्याशी मी भाव करत नाही.

लाकूड म्हणजे वेडी बाभूळ,
आडवीतिडवी, दगडाच्या जातीची.
नाहीतर रस्ता रुंद करताना पाडलेला कडुलिंब,
अंगात खिळे घेऊन आलेला :
शिकवणीच्या पाट्यांचे, वाढदिवसाच्या फ्लेक्सचे.
गेल्या साली स्वस्तात आणलेलं मशीन
असल्याच एका खिळ्यावर मेलं.
साखळी तुटली ती रजाकमामूंच्या बुटात शिरून
अंगठ्याच्या दोन बोटं अलीकडं थांबली.
बूट त्यांनी अजून बदललेला नाही.

म्हणून आज कोंड्यालांच्या दुकानात.
फवारणीचे पंप, कडबाकुट्टी, छताला लोंबणारे पट्टे.
अंबादास म्हणाला, साठ सीसी, अठरा इंची पट्टी,
रणगाडा आहे ताई, डोळे झाकून न्या.
मी डोळे उघडे ठेवून कागद काढला.
उसळी मारली तर ब्रेक लागतो का आपोआप?
लिटरला ऑईल वीस मिली की पंचवीस?
साखळी इथं मिळते का पुण्याहून यायची वाट बघायची?
दात कानशीनं घरी घासता येतात?
अंबादासचं सगळ्याला एकच उत्तर : एक नंबर.

मामू काही विचारत नव्हते.
एकेक मशीन घेऊन मागच्या बोळात जायचे,
घड्याळ लावून पाच मिनिटं ओंडक्यावर चालवायचे,
मग येऊन चहा बशीत ओतायचे
आणि बशी एका हातात धरायचे.
पहिल्या मशीननंतर
चहा मनगटावरून कोपरापर्यंत गेला.
दुसऱ्यानंतर काठापर्यंत येऊन परतला.
"तिसरं दाव की बे."
अंबादासनं नाइलाजानं फडताळाच्या वरचं काढलं,
मळक्या रंगाचं, नऊ हजारांनी महाग.
पाच मिनिटं.
तेवढ्यात लाइट गेली, पंखा थांबला,
आणि मामूंच्या बशीत मला
त्याची तिन्ही पाती मोजता आली.

"तीस वर्षं कुऱ्हाड मारली," मामू म्हणाले,
"हात दुखला, पण हात माझाच होता.
त्या मशीनपासनं रात्री
सदऱ्याची बटणं नातू काढतोय."
वर्षभर मी त्यांना शनिवारी पगार मोजून देत होते,
त्याच बोटांत.
मला हे माहीत नव्हतं.

नऊ हजारांची घासाघीस केली नाही.
दोन जादा साखळ्या, एक कानस पदरात पाडून घेतली.
शिरस्त्राणही घेतलं. मामू भडकले :
त्रेचाळीस डिग्रीत डोक्यावर बादली कोण घालतं?
घातली मात्र.
आता लांबून ते विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतात.

कुऱ्हाड काही निवृत्त झाली नाही.
ओंडका आला की तिच्या तुंब्यानं मामू
बुडख्यापासून ठोकत जातात
थप्प, थप्प, थप्प,
मध्येच खण्ण.
तिथं खडूनं गोल. गोलाच्या अलीकडं एक काप,
पलीकडं एक काप,
मधला तुकडा भिंतीकडं.

ते तुकडे बेकरीला चालतात.
बाशाभाई भट्टी झाडतात तेव्हा डबाभर खिळे निघतात,
भंगारवाला घेऊन जातो.
रात्रीच्या फोनला मात्र त्यातला एकही जात नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी
कुणीतरी तिथं वाकून
राखेत बोटं घालणार असतं.